थोरल्या सुनेचं शेवटचं बोलणं

नातीच्या कॉलेजात दरवर्षी जागतिक रंगभूमी दिन करतात. यंदा तिनं मला बीडला नेलं. म्हणाली, आजी, मुलांपुढं दोन शब्द बोल. मी चौथी शिकलेली बाई, भाषण काय करणार? तरी गेले. माझं एक काम राहिलं होतं.

मोठ्या दुष्काळात आमचं गाव धारूरच्या बाजूला सरकारी कामावर खडी फोडायचं. जवळच्या कारखान्याला ऊस नव्हता, म्हणून तोडीची माणसंही घरीच होती. यात्रेला गावातल्या मास्तरांनी लिहिलेलं नाटक बसवत होते. बाईचं काम पुरुषच करायचा. वाटण्या मागणाऱ्या भावांना अडवणाऱ्या थोरल्या सुनेचं काम माझ्या धाकट्या दिराकडं होतं. त्याला वाचता येत नव्हतं. मी खडी फोडता फोडता नक्कल वाचायची, म्हणजे त्याच्या वाक्यांची वही, आणि तो मागून म्हणायचा. लुगडं माझंच नेसायचा. पदर दातात धरून बोलू नको, हे मीच शिकवलं. तालीम सोसायटीच्या रिकाम्या गोदामात होई. तिथं बायांना मज्जाव.

सुनेचं शेवटचं बोलणं लांबलचक होतं. ते पाठ करायचं आम्ही मागं ठेवलं. मी ते एकदाच वाचलं. वाचताना हातातला हातोडा खाली ठेवला होता.

यात्रा आठ दिवसांवर आली आणि लांबच्या एका सहकारी कारखान्याचा ट्रक आला. दीर जावेला घेऊन ऊसतोडीला गेला. घाईत जावेनं माझं लुगडंही गाठोड्यात बांधलं. घडीत नक्कल होती.

सासऱ्यांना म्हटलं, "मामा, मला समदं येतंय. मी करते."

"आन् लोकांनी आमाला काय म्हनावं? गप खडी फोड."

नाटक बंद झालं. दुसऱ्या दिवशी कामावर मिळणारी सुकडी खाताना बाया मागं लागल्या, "तू कर की गं, हितं कोन बगतंय!" मी खडीच्या ढिगावर उभी राहिले. पहिल्यापासून सगळं केलं. बाया खायच्या थांबल्या. शेवटाला आले आणि गप्प झाले.

"मंग काय म्हनली गं ती?"

"नक्कल गेली तोडीला."

"म्हंजी सून बी ऊसच तोडायली म्हन!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

पाऊस पडल्यावर दीर परत आला. लुगडं आणलं.

"भावजी, नक्कल कुठंय?"

"वैनी, तोडीवरच्या कोपीत चूल पेटंना. वलं पाचट. काय करावं मग?"

मास्तर तोवर बदली होऊन गेले होते. त्यांच्याकडं दुसरी प्रत होती की नाही, कुणी विचारलं नाही. मीही नाही.

कॉलेजात मी भाषण केलं नाही. थोरली सून केली. वाटलं, खऱ्या स्टेजवर उभी राहिले तर शेवटचं आपोआप येईल. आलं नाही. मी थांबले, पोरांना वाटलं संपलं. टाळ्या वाजवल्या.

"थांबा," म्हटलं, "संपलं न्हाई अजून."

टाळ्या थांबल्या. मनानं चार वाक्यं जोडली असती तर कुणाला कळलं नसतं. पण ती सुनेची नसती झाली. मला हातोडा खाली ठेवलेला आठवत होता, बोटाला लागलेली खडीची भुकटी आठवत होती. शब्द तेवढे नव्हते.

नातीनं हात धरून खाली उतरवलं. मी पायरीवर एकदा मागं वळून उभी राहिले.