पाठीवरचं नाव

घरात मी नवऱ्याला अहो म्हणते. कागदावर मात्र चेतन म्हणणार, तेही एकेरीत. एकोणीस वर्षं मी त्याची एकच गोष्ट ऐकत आले आहे, तेवढी सूट मला मिळायला हवी.

ती गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या हातात पोह्यांच्या बशा होत्या. माझ्या माहेरी बघण्याचा कार्यक्रम चालला होता. वडिलांनी विचारलं, "आपण काय करता?" या माणसाने शिक्षण सांगावं, दुकान सांगावं, तर नाही. म्हणाला, "तिसरा गियर माहितीय का? रॉक बँड. त्यांचा आवाज मी साफ केला." वडील म्हणाले, "अरे वा." त्यांना काहीही कळलेलं नव्हतं. मला मात्र वाटलं, माणूस मनापासून बोलतोय. फसले.

बुधवार पेठेत एका बोळात चेतनचा ॲम्प्लिफायर दुरुस्तीचा गाळा आहे. माणूस मध्ये उभा राहिला तर दोन्ही भिंतींना कोपर लागतात. २००१ साली तिथे कॉलेजची चार मुलं एक भलामोठा ॲम्प घेऊन आली. बटण दाबलं की तो सारखा गुणगुणायचा. मोठ्या दुकानांतल्या दोघातिघांनी हात टेकले होते. चेतनने प्लग उघडला, त्यातली अर्थिंगची हिरवी वायर कटरने कापली आणि परत लावला. गुणगुण बंद. "पाच सेकंद!" हे तो दर वेळी पाच बोटं दाखवून सांगतो. गिटार वाजवणाऱ्या अभयने त्याला मिठी मारली. गाणारा अनिरुद्ध म्हणाला, "चेतन, एक दिवस स्टेजवरून तुझं नाव घेणार."

झालं. त्या वाक्यावर हा माणूस जगला. वायरचा तो बोटभर तुकडा त्याने गाळ्यात, बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या काचेच्या कपाटात ठेवला. दोन वर्षं बँडबरोबर ओझी उचलली, वायरी गुंडाळल्या. मग वर्षभर शारजाला कामाला गेला. परत आला तोवर बँड मोडला होता. आपापसात भांडले, असं सगळीकडे ऐकायला मिळालं. पण चेतनची गोष्ट थांबली नाही. त्याने ती माझ्या बाळंतपणात डॉक्टरीणबाईंना सांगितली, गॅस दुरुस्त करायला आलेल्या माणसाला सांगितली, सासरे गेले तेव्हा पुण्यानुमोदनाला आलेल्या भन्तेजींनाही सांगितली. भन्तेजींनी डोळे मिटून घेतले. त्यांना तेवढी सोय होती.

मीही काही कमी केलं नाही. पाहुण्यांसमोर तो "पाच सेकंद" म्हणायच्या आधी मीच पाच बोटं वर करायचे. सगळे हसायचे, तोही ओशाळून हसायचा. एकदा तर म्हणाले, "कापण्यापलीकडे तुम्ही आयुष्यात काही जोडलंय का?" तो उठून गाळ्यावर गेला. संध्याकाळी येताना माझ्यासाठी चाफ्याची फुलं आणली. असा माणूस आहे. चिडून बोलायची सोय नाही, म्हणून मी आणखी चिडते.

यंदा फेब्रुवारीत बातमी आली की बावीस वर्षांनी तिसरा गियर पुन्हा एकत्र येणार. एकच कार्यक्रम, वाघोलीच्या पुढच्या एका मैदानावर, रविवारी संध्याकाळी सातला. चेतनने अनिरुद्धला निरोप पाठवले, फोनवर, इंटरनेटवर, कुणाकुणाच्या ओळखीतून. उत्तर नाही. "बिझी असणार. स्टेजवरूनच सरप्राइज द्यायचं असेल," म्हणाला. आणि दोन काळे टीशर्ट छापून आणले. माझ्या टीशर्टवर नुसतं बँडचं नाव. त्याच्या पाठीवर, मोठ्या पांढऱ्या अक्षरांत: साउंड – चेतन, २००१.

"अहो, लोक हसतील."

"हसू देत. नाव घेतलं की त्यांनाच कळेल."

मी पंजाबी ड्रेसवर तो टीशर्ट चढवला आणि वर ओढणी घेतली. निघताना त्याने हिरव्या वायरचा तुकडा खिशात टाकला. नाव घेतलं की वर करून दाखवायचा होता.

मैदानावर निम्मी गर्दी काळ्या टीशर्टातच होती. आमच्या आजूबाजूला वाघोलीच्या कॉलेजची मुलं होती, आमच्या लेकीच्या वयाची. चेतनने पाच मिनिटांत त्यांना गोष्ट सांगून टाकली. त्यांना खरंच आवडली. "काका, तुम्ही लेजंड आहात," एक उंच मुलगा म्हणाला आणि त्याच्या पाठीचा फोटो काढला. मी दुसरीकडे बघत होते.

पडदा सरकला. चेतन टाचा उंचावून बघू लागला. "अभय गिटार का घेत नाहीये?" गिटार एक नवीन मुलगा वाजवत होता. अभय कोपऱ्यात खुर्चीवर बसून नुसता कोरसमध्ये गात होता, हात मांडीवर. "वय झालं असेल," मी म्हणाले.

तिसऱ्या गाण्यानंतर अनिरुद्ध पुढे आला. "आमचा आवाज तेव्हा पुण्यात सगळ्यात साफ होता. तो कुणी साफ केला, आज सांगायचंय. बुधवार पेठेतला चेतन. चेतन, आहेस का रे इथं?"

"आहे! आहे!" चेतन ओरडला. उंच मुलाने त्याला कमरेत धरून वर उचललं. मुठीत हिरवी वायर, तोंड उघडं, डोळ्यांतून घळाघळा पाणी. खोटं कशाला बोलू, माझ्याही डोळ्यांत आलं. एकोणीस वर्षं ज्याची टिंगल केली ते खरं होतं. वाटलं, घरी गेल्यावर याची माफी मागायची.

तोंडावर दिवे असले की स्टेजवरून खालचं काही दिसत नाही, हे चेतननेच मला सांगितलेलं.

"नसेल आला," अनिरुद्ध म्हणाला. "बरंच झालं. आम्ही भांडून वेगळे झालो, असं आम्हीच सगळ्यांना सांगितलं. कारण अभयला कुणाची कीव नको होती. खरं आज त्याच्या परवानगीने सांगतो. २००३ चं गॅदरिंग. चेतन तेव्हा शारजाला गेलेला. याचा एक हात गिटारच्या तारांवर होता, दुसऱ्याने माइक धरला आणि हा चिकटला. ॲम्पमध्ये करंट उतरला होता. अर्थची वायर असती तर तो जमिनीत गेला असता. चेतनरावांनी ती कापली होती. आवाज साफ!"

अभयने डावा हात वर केला. मोठ्या पडद्यावर तो सगळ्यांना दिसला. तीन बोटं तळव्यात वळून तशीच राहिलेली.

बोळात तेव्हा सगळेच कापायचे. आवाज आला, काप अर्थ, पुढे कधीतरी नीट जोडू. ते कधीतरी कुणाचंच यायचं नाही. पण ते तिथे कोण कुणाला सांगणार? मैदानातून आधी एक "शेम" आलं, मग शंभर, मग मोजता येईनात. टाळ्यांच्या ठेक्यावर लोक ओरडायला लागले.

उंच मुलाने चेतनला खाली ठेवलं. हात पँटला पुसले. बाकीच्यांनी फोन वर केले आणि त्याच्या पाठीमागे जाऊन शूटिंग करायला लागले, पाठीवर सगळं लिहिलेलंच होतं. चेतनचा हात अजून वरच होता. खाली घ्यायचा असतो, हे त्याच्या लक्षात येत नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

तेव्हा मी एक पाऊल बाजूला सरकले.

त्या मुलाने मला विचारलं, "काकू, तुम्ही यांच्याबरोबर आहात का?"

"नाही," मी म्हणाले. "आमचा काही संबंध नाही."

चेतन हातभर अंतरावर होता. मैदान ओरडत होतं, तरी त्याने ऐकलं. हात खाली आला. तो गर्दीतून मागे सरकत कडेच्या पत्र्याच्या कुंपणापाशी गेला आणि पाठ पत्र्याला टेकवून उभा राहिला. कार्यक्रम संपला, मैदान रिकामं झालं, तरी त्याला पाठ पत्र्यावरून काढवेना. मी फाटकाशी उभी होते. ओढणी माझ्या खांद्यावर होती. जाऊन त्याच्या पाठीवर टाकायची, एवढंच काम होतं. मी ती स्वतःभोवती लपेटून घेतली.

मग स्कूटरवरून वाघोली ते बोपोडी, घरापर्यंत. मी मागे. सिग्नलला मागच्या गाड्यांचे दिवे पडायचे आणि माझ्या नाकासमोर ती अक्षरं उजळायची.

या गोष्टीला सात महिने झाले. पँट धुताना वायरचा तुकडा खिशात निघाला, तो माझ्या कपाटात आहे. टिंगल करत का होईना, चेतनने सांगितलेलं सगळं मी जपून ठेवलं होतं, हे मला तेव्हा कळलं. अभयला त्याने पत्र लिहिलं, मजकूर मला दाखवला नाही. उत्तर आलेलं नाही. आता तो दुरुस्तीला आलेला प्रत्येक प्लग उघडून अर्थ तीनतीनदा तपासतो. घरी वेळेवर येतो, जेवतो, ताट उचलून ठेवतो. पाहुण्यांसमोर मी एकदा मुद्दाम विषय काढला. पाच बोटं वर केली. तो पाणी आणायला आत गेला.

परवा डबा द्यायला गाळ्यावर गेले होते. एका गिऱ्हाइकाने त्याला निरखून पाहिलं. "त्या व्हिडिओतले चेतन तुम्हीच ना? तिसरा गियरवाले?"

चेतनने सोल्डरिंगचं काम थांबवलं नाही. एकदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "आमचा काही संबंध नाही."