अम्मीचा अंगठा

नमाजाआधी वजू करायचा, म्हणजे तोंड, कोपरापर्यंत हात आणि पाय धुवायचे. तो मी नीट केलाय, यावर अम्मीचा कधीच विश्वास बसला नाही. लहानपणी मी नळावरून उठले की ती माझ्या कोपरावर अंगठा फिरवायची. शिवणकामानं तो अंगठा खरबरीत झालेला. कोपर कोरडं लागलं की म्हणायची, "पुन्हा." मग सगळं पहिल्यापासून. मला भयंकर राग यायचा.

ती गेली त्या दुपारी नाशिक रोडच्या घरात तिला शेवटची आंघोळ घालायला आम्ही तिघी होतो: मी, माझी बहीण आणि हे काम जाणणाऱ्या शेजारच्या बाई. मी घाईघाईत वजू उरकून आले होते. अम्मीच्या अंगावर चादर होती, आत हात घालूनच तिला धुवायचं होतं. आधी तिचाही वजू करायचा असतो. मी तिचा उजवा हात धरला. बहीण बोरीचा पाला घातलेलं कोमट पाणी ओतू लागली.

तेवढ्यात चादरीखाली माझ्या कोपरावरून एक खरबरीत अंगठा फिरला.

बहिणीचे दोन्ही हात तांब्याला होते. बाई पायांशी उभ्या होत्या. मी हात बाहेर काढून बाही वर सारली. हात ओला होता, कोपर कोरडंठाक.

मी नळावर गेले आणि पहिल्यापासून वजू केला.

अजूनही वजू झाला की मी बाही लगेच खाली ओढत नाही, कोपर पुढे करून थांबते. सगळं नीट असलं की अंगठा लगेच उचलला जातो.