धावणाऱ्या बाईला थांबवू नका

गोंदियाच्या डॉक्टरांनी माझे तिन्ही रिपोर्ट टेबलावर एकमेकांशेजारी मांडले आणि म्हणाले, "मॅडम, निमोनिया तो कब का गया. दिल ठीक है, फेफड़े साफ हैं. अब जो सांस फूल रही है, वो आराम की वजह से है."

शेजारी बसलेल्या माझ्या पतींनी काळजीने विचारले, "म्हणजे आणखी आराम द्यायचा का, सर?"

मला हसू यायला हवे होते. मला संताप आला. तो आजही पुरता ओसरलेला नाही आणि तो येथे लपवण्याचा माझा विचार नाही.

माझ्या अवस्थेला डॉक्टरांनी डीकंडिशनिंग असे नाव दिले. अर्थ असा की, न वापरल्यामुळे शरीराची कामाची सवय सुटते. गावातला हापसा काही महिने कोणी हापसला नाही, तर तो कुरकुरतो आणि पाणी वर यायला वेळ लागतो. हापसा मोडलेला नसतो आणि विहीरही आटलेली नसते. माझे तसेच झाले होते.

होळीच्या सुमारास मला न्यूमोनिया झाला होता. दवाखान्यातून घरी आले आणि खरी शिक्षा सुरू झाली. आमच्याकडे आजाऱ्याच्या हातातली वस्तू काढून घेणे हे मायेचे पहिले लक्षण मानतात. मी बादली उचलली की सासूबाई ती ओढून घेत. झाडू घेतला की शेजारीण धावत येई. अंगणात उतरायचे तर पतींचा हात दंडाला. या हातांमुळे मी उन्हाळाभर खाटेवर राहिले. मग फाटकापर्यंत चालताना धाप लागू लागली आणि सगळे म्हणाले, "पाहा, आजार परत येऊन राहिला." पुन्हा खाट. कोणाचा हेतू वाईट नव्हता, म्हणून भांडायलाही जागा नव्हती.

वीस-बावीस वर्षे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत उभे राहून शिकवले आहे. त्या नोकरीचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज पतींनी टाईप करून आणला होता. फक्त माझी सही बाकी होती. डॉक्टरांनी दिवाळीपूर्वी पुन्हा तपासणीला बोलावले. तोपर्यंत अर्ज थांबवायचा आणि श्वास पूर्ववत झाला, तर सुट्टीनंतर मी शाळेत रुजू व्हायचे, एवढे मी पतींकडून कबूल करून घेतले.

डॉक्टरांचा कार्यक्रम सोपा होता. आधी नुसते भरभर चालणे. ते जमले की एक मिनिट सावकाश धावणे, दोन मिनिटे चालणे आणि हीच आवर्तने. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तत्काळ थांबून दवाखाना गाठायचा. (माझ्यासारख्यांनी हृदय व फुप्फुसे तपासल्याशिवाय हे सुरू करू नये.) वेग मोजायला टॉक टेस्ट, म्हणजे बोलण्याची कसोटी. धावताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. बोलणे तुटले तर वेग जास्त झाला. मी शिक्षिका असल्याने वाक्याऐवजी एकोणतीसचा पाढा निवडला.

इटियाडोह धरणाच्या नहराची पार, म्हणजे कालव्याचा बांध, सपाट आहे. चालणे जमल्यावर, धावण्याच्या पहिल्या दिवशी सकाळी तेथे मी पी.टी.चे पांढरे बूट घालून धावू लागले आणि मोठ्याने पाढा म्हणू लागले. नहराखालच्या धानाच्या बांध्यांमध्ये रोवणा, म्हणजे भाताची लावणी, चालला होता.

एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. आमच्या गावात पोलीस भरतीची मुले रोज धावतात, पण लग्न झालेली बाई धावते ती केवळ कोणी गेले तर. आणि मी तर काहीतरी बोलत, धापा टाकत धावत होते.

"माय वं! कोन गेला?" शेवंता ओरडली. ती रोवण्याच्या बायांची म्होरकी. धानाच्या रोपांच्या पेंड्या चिखलात टाकून सगळ्या बाया पारीवर चढल्या आणि माझ्या मागे धावल्या. एकीने रडायलाही सुरुवात केली.

"कोणी गेले नाही," मी थांबून म्हणाले. "मी व्यायाम करत आहे."

"कायले?"

"श्वासासाठी."

शेवंताने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "बह्याड झाली का मॅडम? आमचा जीव घेतला ना!"

मी घरी पोहोचण्याआधी बातमी पोहोचली होती. सासूबाई दारात कपाळाला हात लावून बसल्या होत्या. "लोकं इचारून राहिले, घरात कोन मेला म्हनून. उद्यापासून जायाचं नाही."

मी दुसऱ्या दिवशी गेले. त्या दिवशी एक मोटारसायकल शेजारी येऊन थांबली. "जयभीम मॅडम. बसा, सोडून देतो." मी नको म्हटले. तो माझ्या बाजूने हळूहळू गाडी चालवत राहिला. "बसा ना जी, काऊन तरास घेता?" माझा पाढा सत्त्याऐंशीवर तुटला. मी त्याच्यावर खेकसले. तो माझाच जुना विद्यार्थी होता आणि त्याचा चेहरा पडला. तरीही मला वाईट वाटले नाही. आजारातून उठणाऱ्या माणसाला उचलून नेणे म्हणजे त्याला पुन्हा खाली बसवणे होय, हे मी आणखी किती जणांना शिकवायचे होते?

अखेर मी दुपारी शिदोरीच्या वेळी बांधावर गेले आणि बायांना सगळे वर्गात सांगावे तसे क्रमाने सांगितले.

शेवंताने भाकरी चावत ऐकून घेतले. "मंग आमच्यात ये ना मॅडम, रोवणा लाव. सांस बी बनते अन् रोजी बी भेटते."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही.

"बरं बाप्पा," ती म्हणाली, "धाव तू. आता आमी पाह्यत नाही."

पण त्या पाहत होत्या. रोवणा संपला, निंदण आले, तरी मी दिसले की माना वर होत, कुजबूज होई. एका पावसाळी सकाळी दम न लागताही मी केवळ त्या माना टाळण्यासाठी धावणे सोडून चालू लागले. त्या दिवशीचा राग सर्वांत मोठा होता, कारण तो थोडा माझ्यावरही होता.

हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाची कापणी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी गोंदियाला तपासणी होती. मी न थांबता नहराच्या गेटापर्यंत धावत निघाले. पाढा चालू होता. खाली बायांची रांग वाकलेली होती आणि विळे चरचरत होते. एकोणतीस पंचे एकशे पंचेचाळीस. कोणी मान वर केली नाही. एकोणतीस नवे दोनशे एकसष्ट. एकही विळा थांबला नाही.

रांगेतून फक्त शेवंता, धान कापता कापता, वाकूनच म्हणाली, "गेटापाशी निसरडं आहे वं."

त्या न उचललेल्या मानांची मी ऋणी आहे. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी जे सांगितले, ते मला तेथेच कळले होते. दिवाळीनंतर मी शाळेत रुजू झाले. अर्ज कपाटात आहे, सहीची जागा कोरीच.

तुमच्या घरात कोणी आजारातून उठत असेल, तर डॉक्टरांना विचारा, त्याच्यावर लक्ष ठेवा आणि त्याची बादली त्याच्याच हातात राहू द्या.