डावखुऱ्याचं पहिलं कार्ड

काकांचा, म्हणजे आमच्या मराठी मंडळातल्या सगळ्यांच्या काकांचा, मेसेज आला तेव्हा मी ऑफिसच्या कॉलवर होते. मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं होतं, की ते आणि काकू कायमचे देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला मुलाकडे राहायला चालले आहेत, तिथल्या टाउनहाउसमध्ये जागा बेताची, तेव्हा बेसबॉलची बरीच कार्डं काढून टाकायची आहेत. कुणाला हवी असतील तर शनिवारी सकाळी यावं, चहा मिळेल. खाली फोटो होता. जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडलेली कार्डं. मी फोटो बोटांनी मोठा केला. दुसऱ्या ओळीत, खिडकीच्या बाजूला, माझं कार्ड होतं.

माझं म्हणते, पण दोन वर्षांपासून ते त्यांचं आहे. ते माझ्याकडून कसं गेलं, हे मला विसरता आलेलं नाही. विसरायची इच्छाही नाही.

कॉलवर कुणीतरी मला काही विचारलं. मी म्यूट काढून "लेट मी चेक" म्हणाले आणि परत फोटो बघत बसले.

बेसबॉलचं कार्ड म्हणजे पत्त्याएवढा पुठ्ठा. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याचे आकडे. बहुतेक लोक आपल्या लाडक्या खेळाडूंची जमवतात. काका तसेच. ते या देशात आले तेव्हा जे खेळत होते, त्या सगळ्यांवर त्यांचं प्रेम, आणि त्यातले निम्मे आता म्हातारे झाले आहेत. मला नाव झालेल्या माणसांचं आकर्षण नाही. ज्याचा भाव अजून ठरलेला नाही, तिथे माझी नजर आपोआप जाते. इथे कॅरीत, आमच्या या अमेरिकन गावात, घरापासून जवळ एक मैदान आहे, तिथे देशभरातली कोवळी पोरं सामने खेळायला येतात. ऑफिसच्या लोकांबरोबर मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाकीचे हॉटडॉग खात होते आणि मी पोरं पारखत होते. कोण चुकल्यावर मान खाली घालतो, कोण चुकल्यावर पुढचा बॉल आणखी जोरात टाकतो. मग मी एकटी जायला लागले. त्यातल्या एखाद्याचं पहिलं कार्ड निघालं, की ते चार पैशांत उचलायचं आणि वाट बघायची. हा माझा छंद. नवरा त्याला व्यसन म्हणतो.

हा डावखुरा तिथेच बघितला. पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. लांब हातांचा, कान बाहेर आलेले. त्याचा बॉल फलंदाजाजवळ आल्यावर असा खाली उतरायचा, की फलंदाजाला बॅट फिरवून झाल्यावर कळायचं. त्याचं पहिलं कार्ड, त्याच्या सहीचं, मी कार्डांच्या एका प्रदर्शनात घेतलं. विकणारा गोरा माणूस भाव सोडेना. मी दोनदा निघून गेले आणि दोनदा परत आले. तिसऱ्यांदा तो हसला आणि म्हणाला, घेऊन जा बाई. अशा माणसाशी भांडायला मला आवडतं. तो माझा काका नसतो आणि मी त्याची पुतणी नसते.

पुढे त्या पोराच्या कोपराचं ऑपरेशन झालं. भाव पडला. लोक त्याची कार्डं फुकापासरी द्यायला लागले. मी दिलं नाही. मला ठाऊक होतं, हा परत येणार.

काकांनाही ठाऊक असावं. त्यांच्या घरी रविवारी जेवणं झाल्यावर आम्ही कार्डांची अदलाबदल करायचो. त्या दिवशी मंडळातली आणखी दोन जोडपी होती. काकांनी डावखुऱ्यासाठी त्यांच्याकडचं एक जुनं कार्ड पुढे केलं. मी म्हटलं, एकात जमणार नाही, तीन द्या. ते म्हणाले, "त्याचा हात गेलाय गं." मी म्हटलं, "मग तुम्हाला कशाला हवाय?" सगळे हसले. काकांना ते आवडलं नसावं. ते म्हणाले, "अगं, काका म्हणतेस मला आणि बोहारणीसारखी घासाघीस काय करतेस?"

परत सगळे हसले. या वेळी जरा जास्त.

माझी आई बोहारीण होती. पुण्यात डोक्यावर भांड्यांची टोपली आणि खांद्यावर जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन ती पेठांमधून फिरायची. घासाघीस हे तिचं काम होतं, जसं माझं काम कोड लिहिणं आहे. त्या घासाघिशीवर मी शिकले, इंजिनियर झाले, इथे आले. मी कधी लपवलं नव्हतं. कॅरीत येऊन कुणी मला तुझी आई काय करायची असं विचारलं नव्हतं, एवढंच. इथे लोक विचारतात, पुण्यात कुठे, कुठली शाळा, आणि मग पोहे खातात.

डावखुरा टेबलावरून त्यांच्याकडे सरकवला, त्यांचं जुनं कार्ड उचललं आणि आम्ही घरी आलो. मला राग येतो तेव्हा मी आरडाओरडा करते, हे माझ्या घरात आणि ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मात्र मी गप्प बसले, आणि तेच मला आजवर छळतंय. पुढच्याच मोसमात डावखुरा परत आला, मोठ्या संघात गेला, टीव्हीवर दिसायला लागला. तो दिसला की मी चॅनेल बदलायचे.

शनिवारपर्यंत मला धड झोप लागली नाही. नवरा म्हणाला, "सोड ना यार. दुसरं घे. ऑनलाइन मिळेल."

"मला दुसरं नकोय."

"मग काकांना नीट सांग, की तेव्हा वाईट वाटलं."

"सांगायचं नाहीये. घ्यायचंय."

मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "आई, इट्स जस्ट कार्डबोर्ड."

मी माझ्या पेटीतून एका जुन्या कॅचरचं, म्हणजे फलंदाजामागे बसून बॉल झेलणाऱ्याचं, कार्ड काढलं. काका वर्षानुवर्षं ते शोधत होते आणि माझ्याकडे ते आहे हे मी त्यांना कधी कळू दिलं नव्हतं. पर्समध्ये ठेवलं. पुन्हा काढलं. कोपरे बघितले. पुन्हा ठेवलं.

मी सगळ्यांच्या आधी पोहोचले. घरभर खोकी. काकू स्वयंपाकघरात वर्तमानपत्रात भांडी गुंडाळत होत्या. काका टेबलाशी बसले होते, आणि प्रत्येक कार्डाच्या कडक प्लॅस्टिकच्या डबीवर पिवळ्या कागदाची चिकटपट्टी लावून वर किंमत लिहिली होती.

"ये, ये. मला माहीत होतं तू पहिली येणार," काका म्हणाले. "डावखुरा ना? तो मात्र आता स्वस्त नाही हं."

त्यांनी लिहिलेला आकडा वाचवत नव्हता. मी डबी हातात घेतली. चिकटपट्टी बाकी सगळ्या डब्यांवर खाली मधोमध होती. या एकीवर वरच्या कोपऱ्यात होती.

आई सांगायची, घडी मोडल्याशिवाय साडी घ्यायची नाही. बायका फाटका भाग आत घालून घडी करतात. वरून इस्त्री कडक असली तर दोनदा उलगडायची. मी चिकटपट्टी काढली.

"अगं, ती राहू दे," काका म्हणाले.

मी डबीचं झाकण उघडलं, कार्ड कडांना धरून बाहेर काढलं आणि खिडकीच्या उजेडाकडे तिरपं केलं. डावखुऱ्याच्या टोपीच्या वर एक गुलाबी डाग होता. बोटाच्या टोकाएवढा, एका बाजूला फरपटलेला.

"हे काय?"

काका चष्मा पुसायला लागले. उत्तर स्वयंपाकघरातून आलं.

"कुंकू आहे," काकू म्हणाल्या. "दिवाळीला लक्ष्मीपूजनात हेच म्हणाले, दागिन्यांबरोबर ते कार्डही ठेव, आता त्याची किंमत सोन्यासारखी झालीय. मी ठेवलं. देवीपुढे प्लॅस्टिक बरं दिसेना, म्हणून डबीतून काढलं. बोट ओलं होतं. मग ह्यांनी पुसायला घेतलं आणि आणखी पसरवलं."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कार्डं तपासून त्यांना दर्जा देणारे लोक असतात. त्यांच्यापुढे या कार्डाला आता काही किंमत नव्हती. म्हणजे मी दोन वर्षं ज्याच्यावर जळत होते, ते काकांकडेही राहिलं नव्हतं. मला कुणीतरी दुसऱ्यांदा लुबाडल्यासारखं वाटलं.

"बोला आता," मी म्हटलं. "यात काय घेणार?"

"डाग तसा बारीक आहे."

"बारीक होता तर चिकटपट्टी कशाला?"

काकांनी आकडा निम्म्यावर आणला. मी कार्ड टेबलावर ठेवलं आणि उठले. त्यांनी आणखी खाली आणला. मी म्हटलं, पैशांत बोलायचंच नाही, अदलाबदल करू, आणि पर्समधून कॅचर काढून समोर ठेवला. त्यांचा हात लगेच पुढे आला. मी कार्डावर तळहात ठेवला.

"असं नाही. हा तुमच्याकडे येईल. डावखुरा माझ्याकडे, आणि वर एक."

"वर एक काय?"

"वर एक कार्ड. डागाची भरपाई."

काका हसले. त्यांना खरंच मजा येत असावी. "बघ, परत सुरू झाली बोहारीण."

"हो," मी म्हटलं. "माझी आई बोहारीणच होती. तिच्याकडूनच शिकले. वर एक कुठलं देताय?"

स्वयंपाकघरातला वर्तमानपत्राचा आवाज थांबला. काकांनी माझ्याकडे बघितलं, मग कॅचरवरच्या माझ्या हाताकडे.

"मला माहीत नव्हतं गं," ते म्हणाले.

"माहीत असतं तर तीन दिली असती का?"

त्यांनी यावर विचार केला, हे मला मान्य करायला हवं. मग म्हणाले, "तीन नसती दिली. पण तसं बोललो नसतो." त्यांनी शेवटच्या ओळीकडे हात केला. "त्यातलं घे. कुठलंही."

त्या ओळीत सगळी नाव नसलेली पोरं होती. मी सावकाश बघितली. सावकाश बघायचा मला हक्क होता. एक शॉर्टस्टॉप काढला, दोन बेसांच्या मध्ये उभा राहून बॉल अडवतो तो. फोटोत त्याचा तोल गेला होता, पण नजर बॉलवरून हटली नव्हती. मग मी कॅचरवरचा हात उचलला.

तोवर काकू हात पुसत बाहेर आल्या होत्या.

"तुझी आई कुठल्या भागात फिरायची?"

मी दोन-तीन पेठांची नावं सांगितली.

"आमच्याकडे यायची एक. माझ्या लग्नातला शालू नेला तिने. एका परातीवर. तीही अशीच, उजेडाकडे धरून बघायची." त्या खुर्चीवर बसल्या. "जरीचा शालू होता गं. अजून झोंबतंय मला."

ती आई होती की दुसरी कुणी, कोण सांगणार? पुण्यात अशा पुष्कळ जणी होत्या. तरी मी विचारलं, "परात चांगली निघाली का?"

"परात?" काकूंनी पायाशी असलेल्या एका खोक्याकडे बोट केलं. "फ्रीमाँटला चाललीय ती. कणीक त्यातच मळते मी. परातीची तक्रारच नाही. तिने विचारलं, जमतंय का वहिनी, आणि मी हो म्हणाले, त्याची आहे."

मी खोकं उघडायला सांगितलं. परात जड होती, काठ कुठे दबलेला नव्हता. मी नखाने टिचकी मारली, आई मारायची तशी. आवाज लांब आणि स्वच्छ आला. माल खोटा दिला नव्हता. पण शालूवर एक परात, हे मलाही कमी वाटलं, आणि आईच्या वतीने काही बोलावं की तिची पाठराखण करावी, ते ठरेना. मी परात परत कागदात गुंडाळून दिली.

"मी असते तर वर एक मागितलं असतं," मी म्हटलं.

"तेव्हा सुचलं नाही ना," काकू म्हणाल्या.

काका कॅचर हातात घेऊन बसले होते. त्यांनी वर बघितलं नाही. चहा झाला. दुसरे लोक यायला लागले, मी निघाले.

घरी जाताना दोन सिग्नलांवर मी डावखुरा बाहेर काढून बघितला. डाग उन्हात जास्तच गुलाबी दिसत होता. हे कार्ड आता कुठल्याही प्रदर्शनात कुणी घेणार नाही. आईने अशा कपड्यावर फार तर चमचा दिला असता. आणि मी कॅचर देऊन बसले होते, ज्याला गिऱ्हाईक कधीही मिळालं असतं. सौदा म्हणून हिशेब चुकीचा होता, आणि मागच्या गाडीने हॉर्न दिला तरी माझ्या डोक्यात तोच चालू होता. आणखी ताणता आलं असतं का? वर दोन मागायला हवी होती का? काका "माहीत नव्हतं" म्हणाले त्या क्षणी दोन मिळाली असती.

दारातच मुलीने विचारलं, "सो? डिड यू विन?"

"आणलं," मी म्हटलं. "वर एक आणलं."

डावखुरा मी पेटीत ठेवला नाही. त्याला आता जपायचं काय? फ्रिजवर चुंबकाखाली लावला. नवऱ्याने तिथे वाकून बघितलं. मी मात्र उभ्या उभ्याच फोनवर त्या शॉर्टस्टॉपचा संघ शोधत होते. उद्या दुपारी त्यांचा सामना होता, गाडीने पोहोचता येईल अशा गावात.

"उद्या कुणी येणार आहे का माझ्याबरोबर?" मी विचारलं. कुणी उत्तर द्यायच्या आत एक तिकीट काढलं.