आबांच्या मांडवावर विमानातून फुलं

"इंजिनिअर साहेब, टाकीचं झाकण उघडा. पाकळ्या आणल्यात," म्हणत आबा जीपमधून उतरले. मागे गुलाबाची पोती रचलेली.

माजलगावच्या कालव्याखालच्या उसावर पाकोळी पडली होती. ही कीड पानातला रस शोषते. विमानातून औषध मारायला आमची कंपनी आलेली. मी ग्राउंड इंजिनिअर. माझी सही झाल्याशिवाय विमान उडत नसे. धावपट्टी आबांच्याच माळावर होती. त्या दुपारी तेलगावात त्यांच्या पोरीचं लग्न. शेजारच्या बागायतदारानं पोराच्या वरातीला नवी कोरी मोटार आणली, म्हणून आबांना विमान पाहिजे होतं.

"कॅप्टन हो म्हणलेत," आबांनी सांगितलं.

कॅप्टन, म्हणजे आमचे पायलट, गॉगल पुसत होते. विमानात वाघ, पण जेवायचं आमंत्रण आलं की विरघळले. "एकच चक्कर रे. कोण बघतंय?"

माझं डोकंच फिरलं. हॉपर म्हणजे पायलटच्या पुढ्यातली औषधाची टाकी. कितीही धुवा, कोपऱ्यात विष राहतंच. शिवाय गर्दीवरून कमी उंचीवर उडायला बंदी. इंजिन बंद पडलं तर विमान थेट मांडवात.

"आबा, खाली पंगत बसलेली असणार. पाकळ्यांबरोबर विष पानात पडेल."

"काय होत न्हाई. वाऱ्यानं उडून जातंय."

"मी सही करणार नाही."

"मग माळ रिकामा करा. आजच."

माळ गेला की काम गेलं, आणि कंपनीनं पहिलं मलाच घरी बसवलं असतं. तेवढ्यात बाभळीखाली आबांची खिलार बैलजोडी दिसली, लग्नासाठी झुली घातलेली. घरात कुणी जेवलं का हे आबा विचारत नसत, पण जोडीतल्या राजाची वैरण स्वतः टाकायचे. मी हॉपरमध्ये पाणी खळबळलं, बादलीभर काढलं आणि राजाकडे निघालो.

"ओ, कुठं निघाला?"

"राजाला पाजतो. टाकी धुतलेलीच आहे."

आबा धोतर सावरत आडवे आले. "खुळा झाला का बे? मरंल की त्यो!"

"मग पाव्हण्यांच्या पानात कशाला टाकताय?"

आबा राजाजवळ गेले. त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "पण मी समद्या गावाला सांगून बसलोय."

शेवटी कॅप्टननं गणवेशात मांडवाशेजारच्या गच्चीवर चढून सुपानं पाकळ्या उधळल्या. निम्म्या शेजाऱ्याच्या गोठ्यात गेल्या. लोक खूश: विमान न्हाई तर न्हाई, पायलट तर आला. माळही आमच्याकडेच राहिला.

पुढे कुठल्याही गावात असा हट्ट निघाला की मी नियमाचं पुस्तक उघडत नसे. माणसं मरतील म्हटलं की लोक 'काय होत न्हाई' म्हणतात. मी आधी बैलाचं नाव विचारून घ्यायचो.