जोत्यांवरचे पिंजरे

इंदापूरच्या बाजूला, उजनीच्या फुगवट्यात आमचं जुनं गाव बुडालेलं आहे. आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, जन्म तिथला. धरण भरलं तेव्हा ते लहान होते. घरं गेली, पण दगडी जोती पाण्याखाली राहिली आणि त्यांच्या फटींत वाम, म्हणजे सापासारखा लांबट मासा, राहायला आली. आबा आयुष्यभर तिथंच जाळं टाकत आले. मी लग्न करून बारामतीला गेले, तरी माहेरी आले की त्या वामीचा रस्सा ठरलेला.

धाकट्या भावानं मत्स्यशेतीचं प्रशिक्षण घेतलं आणि चिलापी वाढवायला पाण्यात तरंगते पिंजरे टाकले. खाद्याची पोती न्यायला काठ जवळ हवा, म्हणून जागा निवडली ती नेमकी जोत्यांवरची. त्यानं आबांना विचारलं होतं. ते ‘टाक’ म्हणाले.

पिंजऱ्यांतून सांडणाऱ्या खाद्यावर बाहेरची मोकळी चिलापी गोळा होऊ लागली. इतरांची जाळी भरू लागली, त्यांना बरंच वाटलं. त्या गर्दीनं जोत्यांतली वाम मात्र हटली, आबांच्या जाळ्यात येईना. ते होडी लांब नेऊ लागले, उन्हं चढल्यावर थकून परतू लागले. आईनं मला फोनवर सांगितलं तेव्हा मी भावाला बोलले. त्यानं पिंजरे तिथंच ठेवले. घर त्या पिंजऱ्यांवरच चालत होतं.

त्या उन्हाळ्यात मी माहेरी होते. पाणी खूप उतरलं, पिंजऱ्यांचे तळ गाळाला टेकायला आले. सांडलेलं खाद्य त्याच गाळात कुजत होतं. एका पहाटे भाऊ धावत घरी आला. मासे पाण्यावर तोंडं काढून तडफडत होते. आम्ही पोचेपर्यंत निम्मे उलटे पडले होते. भाऊ काठावर बसला. आता आबा काहीतरी बोलतील, अशी मला भीती वाटली.

आबांनी होडी सोडली. “ऊठ बाळा,” ते म्हणाले, “आधी मेलेलं काढू. न्हायतर जगलेलंबी जाईल.”

दुपारपर्यंत आम्ही मासे उपसत होतो, खड्डे खणून पुरत होतो. शेवटचा खड्डा बुजवताना भाऊ म्हणाला, “आबा, पिंजरं नदीच्या जुन्या, खोल पात्रात न्हेतो. जोती मोकळी करतो.”

“माझ्यासाठी नगं.”

“तुमच्यासाठीबी हाय अन् माशांसाठीबी.”

पिंजरे हलवले. काठापासून लांब पडल्यामुळं भावाचे कष्ट वाढले, म्हणून आबा रोज सकाळी पोती घेऊन त्याच्याबरोबर जाऊ लागले. वाम पहिल्यासारखी परतली नाही. चिलापी जिकडंतिकडं झाली ती झालीच. दिवाळीनंतर मात्र आबांना जोत्यांपाशी हातभर वाम मिळाली आणि आईनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. जेवताना भाऊ मान खाली घालून काटे काढत होता. आबांनी त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला आणि उद्या पिंजऱ्यांकडं किती वाजता निघायचं, ते विचारलं.