दुसरी फ्लॉपी

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. काल नातू पेनड्राइव्हवर लग्नाची फिल्म घेत होता. "आजोबा, फाइल मोठी आहे, मावत नाही," म्हणाला आणि मला अंधेरीचं आमचं ऑफिस आठवलं.

ऐंशीच्या दशकात कारखान्याच्या पगाराची फाइल एका फ्लॉपीत मावत नसे. मी तिचे दोन तुकडे करून दोन फ्लॉपींवर घेतले. दुसरीवर लेबल आधी चिकटवलं आणि मग बॉलपेनने दाबून आकडा लिहिला. "अहो देसाई, आत नाजूक चकती आहे, पाटी नाही!" शेजारची शैला हसली. ती नवीन होती, नोकरी अजून कायम झाली नव्हती. मीही हसलो.

मुलुंडच्या कारखान्यात ती फ्लॉपी उघडलीच नाही. ऐन पगाराच्या दिवशी अर्ध्या कामगारांचे पगार अडकले. साहेब शैलावर ओरडले, "फ्लॉप्या तूच सांभाळतेस ना? उद्यापासून येऊ नकोस." तिने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत राहिलो.

पुढे कितीतरी वर्षांनी ती बोरिवलीच्या बाजारात भेटली. "हे देसाई, माझ्या पहिल्या ऑफिसातले," तिने नवऱ्याला हसून सांगितलं. चूक माझी होती, मला माफ कर, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि विचारलं, "इथे मेथी चांगली मिळते का गं?"